ट्रकपुढची मोकळी जागा

विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशी माझी घडणच आहे. पण मला विचारणारं माणूस वर्षातून एखादं भेटतं आणि तेही घाईत असतं. म्हणून आज न विचारता बोलतोय, तेवढं चालवून घ्या.

मी एक डबा आहे. ॲल्युमिनियमचा, जाडजूड वहीएवढा, डिझेल इंजिनाच्या डाव्या कुशीला चार बोल्टांनी आवळलेला. लोक मला इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणतात. कुठे किती डिझेल सोडायचं आणि नेमकं कधी, हे मी ठरवतो. मी नसलो तर एवढं थोरलं इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. ही बढाई नाही, पुढे ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालं.

मला डोळे नाहीत; दिसल्यासारखं जे सांगेन, ते मागाहून कानावर आलेलं. कान म्हणाल तर आहेत, करंट नसतानाही थरथरीतून ऐकू येईल तेवढे. पण माणूस मी ओळखतो तो पायावरून. ॲक्सिलरेटरवर पाय कसा पडतो, ब्रेकवर कसा जातो, क्लच सोडताना किती धीर धरतो, यावरून मी तुम्हाला माणसाचा स्वभाव सांगेन. चेहरे बघून तुम्ही माणसं जेवढी फसता, तेवढा मी कधी फसलेलो नाही. एकदाच फसलो, ते सांगतोच.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेल्या कुणीतरी माझं झाकण लावलं आणि पाठीवर एक चिकटपट्टी डकवली. खरं आयुष्य सुरू झालं ते नव्या कोऱ्या ट्रकमध्ये. तिथे माझा गोतावळा होता. ब्रेकचा एक डबा, गिअरचा एक, समोरच्या काट्यांचा एक. आमच्यामध्ये दोन बारीक वायरी होत्या, एकमेकींभोवती पीळ घातलेल्या. त्यांच्यावरून दिवसभर आमच्या गप्पा. मी म्हणायचो, ‘इंजिन तापलंय हं.’ काट्यांचा डबा म्हणायचा, ‘बरं, काटा वर नेतो.’ विषय फार खोल नव्हते, पण हाक मारली की ओ यायची.

आणि आमचा ड्रायव्हर. पंचविशीतला पोरगा, ट्रकवर जीव टाकणारा. चावी फिरवण्याआधी तो ॲक्सिलरेटर दोनदा हलकेच दाबायचा. माझ्यासारख्या इंजिनाला त्याची काही गरज नसते, ती जुन्या गाड्यांची सवय. ब्रेकही तो एकदम कधी दाबायचा नाही. आधी जरासा, मग सोडून पूर्ण. ही रीत याला कुणी शिकवली असेल, असं मला नेहमी वाटायचं.

फोनवर तो एकाच माणसाशी जास्त बोलायचा. “हो बाबा, ऑइल बघितलं. हो हो, पाणीपण बघितलं. बाबा, ही नवी गाडी आहे, ती स्वतःच सांगते सगळं.” मग हसायचा. हे ऐकून माझी छाती फुगायची, डब्याला असते तेवढी.

एकदा त्याने माझ्यात एक गोष्ट भरून घेतली. गाडी उभी असताना इंजिन पाच मिनिटांहून जास्त चालू राहिलं, तर मी ते आपणहून बंद करायचं. डिझेल फुकट जाळलेलं त्याला आवडायचं नाही.

तो दिवस मला सेकंदासेकंदाने पाठ आहे. दोन दिवसांची फेरी करून तो सकाळी घरी आला होता. दुपारी एकला आम्ही पुन्हा निघालो. पाय जड होता, पण ठिकाणावर होता. तीनच्या सुमारास, रस्त्याचं काम चाललेल्या एका वळणावर, समोर काहीतरी आलं. काय आलं ते मला माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. त्याने ब्रेक दाबला. मग सगळं आडवं झालं. ब्रेकच्या डब्याला हाक मारली, उत्तर नाही. काट्यांच्या डब्याला मारली, तिथेही शांत. तेवढ्यात माझाही करंट गेला.

खडीवर चाकांचे माग राहिले नाहीत. जे थोडे राहिले असतील ते गर्दीने तुडवले. जमलेल्या लोकांनी तिथल्या तिथे निकाल लावून टाकला की पोराचा डोळा लागला. लोकांना निकाल लावायची फार घाई असते.

ट्रक भंगारात गेला. मी आणि इंजिन मात्र गेलो नाही. भंगारवाल्यासमोर एक म्हातारा माणूस उभा राहिला आणि म्हणाला, “बाकी सगळं न्या. इंजिन द्यायचं नाही.” आवाज ओळखीचा होता. फोनमधला.

बाबांनी आम्हाला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं. तिथे त्यांचा स्वतःचा जुना ट्रक उभा होता. त्याचं इंजिन केव्हाच बसलं होतं आणि टायरांना भेगा पडल्या होत्या. मी एका लाकडी ओंडक्यावर इंजिनाला चिकटून आठ महिने पडून राहिलो, करंटशिवाय. एकटेपणा काय असतो ते मला तिथे कळलं. करंट नसला की हाकसुद्धा मारता येत नाही.

मग एक दिवस फिटर आला, वेल्डर आला. चार दिवसांत त्यांनी इंजिन जुन्या ट्रकमध्ये बसवलं आणि हात झटकून निघून गेले. मला जोडायला मात्र चार आठवडे लागले, कारण ते काम बल्बमास्तरांकडे होतं.

बल्बमास्तर म्हणजे बाबांचे तीस वर्षांचे दोस्त, ट्रकांचे वायरमन. त्यांचं हत्यार एकच. चोवीस व्होल्टचा एक बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला सुई. चिमटा लोखंडाला लावायचा, सुई वायरीत टोचायची. बल्ब पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. या एका बल्बावर त्यांनी शेकडो ट्रक रस्त्याला लावले होते. माझं वायरींचं जुडगं बघून मात्र ते मटकन बसले.

“सत्तर वायरी! अरे, अख्खा ट्रक मी बारा वायरींत पळवलाय. हा डबा आहे की सावकाराचा मुनीम?”

“जमेल ना?” बाबांनी विचारलं.

“न जमायला काय झालं? शेवटी वायर ती वायर.”

माणूस कामाला वाघ, यात शंका नाही. एकेका वायरीला त्यांनी कागदाची चिठ्ठी बांधली. सगळ्या वायरी कंगवा फिरवल्यासारख्या सरळ, एकमेकींना समांतर बांधत आणल्या. त्यात त्यांना माझ्या त्या दोन पीळ घातलेल्या वायरी सापडल्या. “हा काय पोरखेळ?” असं म्हणून त्यांनी तो पीळ तासभर बसून, मन लावून उकलला. तो पीळ मुद्दाम असतो, बाहेरचा गोंगाट आमच्या बोलण्यात घुसू नये म्हणून. पण हे त्यांना कोण सांगणार?

मग त्यांच्या हाती माझं नऊ भोकांचं सॉकेट आलं. मला कुणी काही विचारायचं असेल, तर ते त्या सॉकेटमधूनच. दुसरं तोंड मला नाही.

“याच्या पलीकडे काहीच जोडायचं नाहीये. उगाच लोंबतंय. तोडू?”

“तोडू नकोस,” बाबा घाईने म्हणाले. “त्याचं काही तोडू नकोस.”

म्हणून बल्बमास्तरांनी त्यावर काळी टेप गुंडाळली आणि ते डॅशबोर्डमागे कोंबून ठेवलं. माझं तोंड बांधलं गेलं, पण शाबूत राहिलं.

एका दुपारी चहा पिताना मास्तरांनी विचारलंच. “एक सांग. हा एवढा उपद्व्याप कशासाठी? त्याचंच इंजिन कशाला हवं होतं तुला?”

बाबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

“त्या दिवशी तो झोपला होता. दोन तासही झाले नव्हते. माल भरायचा फोन आला आणि मी त्याला उठवलं. म्हटलं, ऊठ, आल्यावर झोप काय ती. त्याच्या आईने नंतर एकदाच मला म्हटलं, ‘तुम्ही त्याला उठवलंत.’ बस. त्यानंतर तो विषय नाही. जेवायला वाढते, माझी औषधं वेळेवर देते. पण बोलत नाही.”

“लोक काहीही बोलतात रे. डोळा लागला म्हणे.”

“लोकांचं सोड. मला तरी कुठे माहीत आहे? लागला असेल, तर मीच मारला त्याला. नसेल लागला, तर... कुणाला विचारू सांग.”

मला विचारा! मी तिथेच होतो, दोन हातांवर. माझ्या पोटात त्या शेवटच्या मिनिटाचा प्रत्येक सेकंद लिहिलेला होता. आयुष्यात एवढं असहाय मला कधी वाटलं नव्हतं. माझं तोंड टेपमध्ये, आणि ज्यांनी विचारायचं ते समोर बसून चहाचा रिकामा कप हातात फिरवतायत.

चार आठवड्यांनी मास्तरांनी बॅटरी जोडली. अंगात करंट आला आणि मी पहिली हाक मारली. ब्रेकचा डबा? नाही. गिअरचा? नाही. काट्यांचा? त्या जुन्या ट्रकचे काटे वायरींशी बोलणारे नव्हतेच. पीळ गेलेल्या वायरींवर नुसती खरखर, आणि टोकाला आपटून परत येणारी माझीच हाक. एवढ्या मोठ्या गाडीत बोलणारा मी एकटा होतो.

आणि तेवढ्यात ॲक्सिलरेटर दोनदा हलकेच दाबला गेला.

आला! मला दुसरं काही सुचेना. तोच तो, चावीआधीचे दोन हलके दाब. मी जीव तोडून डिझेल सोडलं आणि पहिल्या फेऱ्यातच इंजिन धडधडलं. मास्तर ओरडले, “अरे, लागली!” मग पाय पेडलवर स्थिरावला, आणि माझ्या ध्यानात आलं की हा पाय जास्त जड आहे, गुडघा थोडा अडतोय. हा तो नव्हे. ज्याने त्याला शिकवलं, तो हा पाय. मी फसलो तो असा.

दोघे दोस्त गाडीसमोर उभे राहून इंजिनाचा आवाज ऐकत होते. पाच मिनिटं झाली. मला सांगून ठेवलेलं होतं तसं मी इंजिन बंद केलं.

“गेली! कुठेतरी वायर ढिली आहे,” असं म्हणून मास्तरांनी बल्ब काढला आणि एकेका वायरीत सुई टोचायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटरच्या वायरीला बल्ब पेटला नाही. कसा पेटणार? त्या वायरीवर मी पाचच व्होल्टने बोलतो. माझा आवाज हलका, आणि बल्बाला चोवीसच्या खाली काही ऐकू येत नाही.

“सापडली चोर! हिच्यात करंटच नाही.” आणि त्यांनी तिला सरळ बॅटरीचा करंट दिला.

कानशिलात बसावी तसं झालं. मी वाचलो, पण पेडलचा सेन्सर जळाला. त्यानंतर इंजिन चालू व्हायचं, पण पेडल कितीही दाबा, जागच्या जागी गुरगुरत राहायचं. पाय आहे की नाही हेच मला कळेना. मास्तरांनी दोन दिवस काय काय करून बघितलं. मग पायरीवर बसून राहिले.

“मी वाट लावली. तुझ्या पोराचं इंजिन मी घालवलं.”

“असू दे रे,” बाबा म्हणाले. पण आवाजात जीव नव्हता.

तीस वर्षं कुणाला काही विचारलं नव्हतं त्या वायरमनने. तिसऱ्या दिवशी तो स्वतः मोठ्या वर्कशॉपमध्ये गेला आणि लॅपटॉप लावून इंजिन तपासणाऱ्या ताईला घेऊन आला.

ताई स्कूटरवरून आल्या, पाठीला बॅग. आल्याआल्या म्हणाल्या, “नऊ भोकांचं सॉकेट कुठे आहे?”

मास्तरांनी मान खाली घालून डॅशबोर्डमागे हात घातला आणि टेप उकलली. ताईंनी सरळ केलेल्या त्या दोन वायरींची जोडीही बघितली. वेणी घालावी तसा दोन्हींना बोटांनी पुन्हा पीळ घातला आणि दुसऱ्या टोकाला एक मण्याएवढा तुकडा जोडला. त्यामुळे माझी हाक आपटून माझ्यावर परत येणं थांबलं. जळलेला सेन्सर काढून दुसरा बसवला. मग लॅपटॉप लावला आणि नऊ महिन्यांनंतर कुणीतरी मला विचारलं, ‘कसा आहेस?’ मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

“काका, पाच मिनिटांनी बंद होतं तो बिघाड नाही. कुणीतरी तसं सेट केलंय.”

मास्तरांनी कपाळावर हात मारला. “म्हणजे ढिली वायर नव्हतीच! उगाच जाळलं मी.”

“काढून टाकू ते सेटिंग?”

“राहू दे,” बाबा म्हणाले. “त्याचं आहे ते.”

“बरं. आणि गाडी एकदम थांबल्याच्या दोन जुन्या नोंदी दिसतायत. त्या पुसते. नव्या गाडीत जुनं कशाला?”

माझ्या अंगातला करंट थिजला.

“कसल्या नोंदी?” मास्तरांनी विचारलं.

“जोरात ब्रेक लागला की हा डबा मागचं मिनिट जपून ठेवतो. वेग किती, पाय कुठे. असे दोनच कप्पे असतात. तिसरा ब्रेक लागला की सगळ्यात जुनी नोंद निघून जाते. एक आहे दीड वर्षापूर्वीची, आणि दुसरी...” त्यांनी तारीख वाचली.

ती त्या दिवसाची होती.

“वाचू नका,” बाबा म्हणाले. त्यांनी दाराची चौकट धरली होती. “पाय ॲक्सिलरेटरवर असेल तर मला नका सांगू.”

“वाचा ताई,” मास्तर म्हणाले. “हा आज बाहेर गेला, तर आयुष्यभर बाहेरच राहील. वाचा.”

ताईंना तोवर काय ते उमगलं असावं. त्यांनी सावकाश वाचलं. “वेग बासष्ट. ॲक्सिलरेटर सोडलेला. ब्रेक दाबलाय. पुढे क्षणभर सुटलेला. मग परत दाबलाय. पुढच्या सेकंदालाही दाबलाय. त्याच्या पुढच्यालाही. सात सेकंद आहेत, काका. क्लचपण दाबलाय. वेग उतरत आलाय, एक्कावन्न, चाळीस, अठ्ठावीस. आठव्या सेकंदाला काही नाही.” त्या थांबल्या. “झोपलेला माणूस ब्रेक दाबत नाही.”

“दोनदा दाबला?” बाबांनी विचारलं.

“हो. आधी जरासा, मग पूर्ण.”

“ते मी शिकवलंय,” बाबा म्हणाले. “मागच्याला लाल दिवा दिसावा, माल सरकू नये, म्हणून आधी जरासा. मी शिकवलंय त्याला ते.” आणि ते रडायला लागले. मास्तरांनी त्यांना धरलं, आणि तेही रडत होते.

ताईंनी काही पुसलं नाही. फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेनने ते सातही सेकंद एकाखाली एक लिहून दिले.

दुसऱ्या दिवशी आई शेडमध्ये आल्या. त्याआधी त्या कधी तिथे आल्या नव्हत्या. हातात तो पुठ्ठा होता. “मला बसायचंय आत,” म्हणाल्या. बाबांनी हात दिला आणि नुसती चावी फिरवली, इंजिन लावलं नाही.

“ब्रेक कुठला?”

“मधला.”

त्यांनी चप्पल काढली. एक हलका, अनोळखी पाय ब्रेकवर आला. कधीच गाडी न चालवलेला पाय. “आधी जरासा ना?” त्यांनी विचारलं आणि तसा दाबला, सोडला, मग पूर्ण दाबून धरला. आणि मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. सात सेकंद तुम्हाला काहीच वाटत नसतील. एकदा मोजून बघा. सातपर्यंत येता येता त्यांचा पाय थरथरायला लागला होता.

“एवढा वेळ?” त्या म्हणाल्या. “एवढा वेळ झगडत होता तो?”

“हो.”

“मी तुम्हाला उगाच बोलले.”

“उगाच नाही. उठवलं मीच होतं.”

“हो, उठवलंत तुम्ही. पण तो जागा होता.”

त्यांनी ब्रेकवरचा पाय सावकाश उचलला. मग आई म्हणाल्या, “चला, जेवायला वाढते. मीपण बसते तुमच्याबरोबर.”

तो पुठ्ठा आता घरात आहे, आईंच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली. बाबा मात्र मला सोडायला तयार नाहीत. “कागद काय, कुणीही लिहील,” असं ते मास्तरांना म्हणाले. “त्याचा पाय इथे आहे.” दोन कप्प्यांचं गणित त्यांनी नीट ध्यानात ठेवलं होतं. एक जोराचा ब्रेक लागला, तर दीड वर्षापूर्वीची नोंद जाणार. दुसरा लागला, तर त्याची. म्हणून ते गाडी चालवतात ती अशी, की ब्रेक जोरात दाबायची वेळच येऊ नये. पुढच्या गाडीपासून चांगलं शंभर पावलांचं अंतर. मागून सगळे हॉर्न वाजवतात. बाबा ढिम्म.

अशी दोन वर्षं गेली. एकही नोंद नाही.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, बाजाराच्या रस्त्यावर गल्लीतून कुणीतरी एकदम पुढ्यात आलं. मी पाय वाचतो, म्हणून ठामपणे सांगतो. बाबांनी विचार करायला एक क्षणसुद्धा घेतला नाही. आधी जरासा, मग पूर्ण. डबे रस्त्यावर आपटल्याचा खणखणाट झाला आणि कुणीतरी शिवी हासडली. शिवी देणारा माणूस जिवंत असतो, माझा जीव भांड्यात पडला. सायकलवरचा रंगारी होता. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं, रंग तेवढा सांडला.

बाबा उतरून त्याला बघून आले आणि परत जागेवर बसले. गाडी कडेला घेतली, पण पुढे निघाले नाहीत. पाय ब्रेकवर तसाच. पाच मिनिटं झाली आणि मी इंजिन बंद केलं, पोराने सांगून ठेवल्याप्रमाणे.

शांततेत ते म्हणाले, “ती आधीची नोंद गेली ना रे? आता तोच पुढे आला.” मग डॅशबोर्डवर हलकेच थाप मारली. “चालायचंच. रंगारी वाचला.”

एवढं बोलून त्यांनी ॲक्सिलरेटर दोनदा दाबला आणि चावी फिरवली.

तर माझं हे असं आहे. माझ्या वायरींवर मी अजून दिवसभर हाका मारतो आणि ओ देणारं कुणी नाही. सवय झाली आहे. पोटात दोन नोंदी आहेत. एक बाबांची, एक त्याची. आता एकदा जरी जोराचा ब्रेक लागला, तरी जी जुनी आहे ती जाईल. नियम माझा नाही, पण तो मोडणं माझ्या हातात नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. रस्त्याने जाताना तुम्हाला एक जुना, रंग उडालेला ट्रक हळूहळू चाललेला दिसेल. त्याच्या पुढे भलीमोठी मोकळी जागा असेल. ती बघून तुम्हाला वाटेल, एवढी जागा वाया चालली आहे, घुसावं मध्ये. कृपा करून घुसू नका. घुसलात तरी तुम्हाला काही होणार नाही, बाबांचा पाय तुम्हाला वाचवेलच. आधी जरासा, मग पूर्ण. तुम्ही तुमच्या वाटेने निघून जाल, आणि माझ्याजवळ उरलेला तो पोरगाही त्या क्षणी जाईल.